आराधनाने नाशिक धरलं

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात शांतवनचा टेम्पो ओळखायला नंबर बघावा लागत नसे. चालवायला मुलगी असायची. शांतवनची कंबर गेली तेव्हा त्याची थोरली, आराधना, बारावी होऊन घरीच होती. टेम्पो विकावा की ड्रायव्हर ठेवावा असा खल घरात चालू होता, तेवढ्यात एका सकाळी तिने किल्ली घेतली आणि सोनईहून दोन म्हशी भरून आणल्या. शांतवन कंबरेला पट्टा बांधून शेजारी बसला होता. बाजारात उतरल्यावर एवढंच म्हणाला, "मागं जनावर हुभं असतंय. ब्रेक त्याला इचारून दाबायचा."

पुढे तिने जड वाहनाचं लायसन्ससुद्धा काढलं. टेम्पोला त्याची गरज नव्हती. पण नगरला जाताना एसटीत ती कायम पुढची जागा धरायची आणि ड्रायव्हरच्या हातातल्या त्या मोठ्या स्टेअरिंगकडे बघत राहायची. ते कधीतरी आपल्या हातात यावं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

केविनची आणि तिची गाठ पडली ती नाताळच्या केकांमुळे. नगरच्या एका बेकरीने खेड्यापाड्यांतल्या चर्चना केक पोचवायचं भाडं तिला दिलं आणि केक सांभाळायला भट्टीवरच्या केविनला गाडीत बसवलं. केडगावचा हा पोरगा दिवसभर मांडीवर ट्रे धरून गप्प बसला होता. शेवटचा केक उतरवून झाल्यावर तो म्हणाला, "एकाचंही आयसिंग हललं नाही." तिला ती दाद फार आवडली. पुढच्या नाताळाच्या आत त्यांचं लग्न झालं आणि ती केडगावला नांदायला आली. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची, एकटे असले की केविन.

दोन वर्षं बरी गेली. मग बेकरीच्या मालकाच्या मुलांनी भट्टी मोडून तिथे मोबाईलचं दुकान काढलं. त्याच सुमारास शांतवनचा टेम्पो इतका जुना झाला की पासिंग करून घेणं परवडेना. तो भंगारात गेला. एका हंगामात दोघांचीही कामं सुटली. केडगावच्या घरात थोरले दीर, जाऊ, त्यांची मुलं आणि सासूबाई होत्या. कुणी जा म्हणत नव्हतं, पण आता बाहेर पडायला हवं हे दोघांनाही कळत होतं.

कुठे जायचं, याचं उत्तर घरच्यांच्या मते एकच होतं. पुणे. केडगावच्या दारावरूनच पुण्याचा रस्ता जातो. केविनचा मावसभाऊ कल्याण तिथे वडगावशेरीला राहत होता आणि त्याने कॅम्पातल्या एका नामांकित बेकरीत शब्द टाकून ठेवला होता. आराधनासाठीही त्याने चौकशी केली होती. शहर बसला कंडक्टर घेत होते. सासूबाई मरियम, बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका, त्यांनी चर्चमध्ये दोघीतिघींना सांगूनही टाकलं होतं की धाकटा पुण्याला चाललाय.

नाशिकचं नाव आराधनाने काढलं. तिथल्या शहर बसच्या ठेकेदाराने बायकांना ड्रायव्हर म्हणून घ्यायचं ठरवलं होतं. आधी चाचणी, मग लागलं तर प्रशिक्षण. नोकरीची हमी नाही. नाशिकमध्ये ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. मरियमबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग केविनने तिथे काय करायचं?" आराधना म्हणाली, दोन्ही शहरं बघून येऊ, मग ठरवू.

आधी पुणे. केविनला बेकरीत एक दिवस काम करून दाखवायला सांगितलं होतं. संध्याकाळी तो कल्याणच्या घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. एरवी विचारल्याशिवाय न बोलणारा केविन ओव्हन किती खोल आहे, पाव कसा फुगतो, मालक स्वतः पीठ कसं दाबून बघतो, हे जेवण निवेपर्यंत सांगत राहिला. आराधना त्याच्याकडे बघत होती. पुण्यात काही खोट काढता आली असती तर तिला सोपं गेलं असतं. तशी खोट नव्हती. कल्याणची बायको मायेची होती, घरं दाखवायला ती स्वतः हिंडली.

दुसऱ्या दिवशी आराधना डेपोत गेली. तिथला माणूस सभ्य होता. जड वाहनाचं लायसन्स बघून त्याने कौतुकही केलं. पण ड्रायव्हरची जागा सध्या नाही, आणि बाईमाणसाला तर कधी निघेल सांगता येत नाही, म्हणाला. कंडक्टरचं लायसन्स काढा, महिन्याभरात कामावर या. ती बरं म्हणाली आणि गेटाबाहेर येऊन उभी राहिली. एकामागून एक बसगाड्या वळून बाहेर पडत होत्या. उन्हात ती कितीतरी वेळ तिथून हलली नाही.

पुढच्या आठवड्यात नाशिक. चाचणी घेणारे काकासाहेब म्हणून एक जाडजूड, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. मैदानात विजेवर चालणारी बस उभी होती. आराधना चढली, स्टेअरिंगवर हात ठेवले आणि तिथेच तिचं गणित चुकलं. या बसला क्लच नव्हता. तिचा डावा पाय मात्र इतक्या वर्षांच्या सवयीने क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला. बस अशी आचके देत थांबली की चाचणीसाठी आलेल्या, मागे बसलेल्या बायकांची डोकी पुढच्या दांड्यांवर आपटली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा काकासाहेबांनी हात वर करून थांबवलं.

खाली उतरल्यावर ते म्हणाले की हात चांगला आहे, वळण सुंदर घेतलंस, पण या पायाने तू लोक पाडशील. महिनाभर स्वतःच्या खर्चाने शिकायला ये. मग पुन्हा चाचणी. तेव्हाही जमलं नाही तर घरी. कुंपणापलीकडून केविनने सगळं पाहिलं होतं.

परतताना संगमनेरच्या स्टँडवर एसटी चहाला थांबली, तेव्हा केविनने विषय काढला. पुण्यात दोघांनाही काम आहे, तो म्हणाला, डोक्यावर हात ठेवणारी माणसं आहेत. नाशिकला तर तुला नापासच केलंय. त्याच्या आवाजात टोचणी नव्हती, म्हणूनच तिला उत्तर देणं जड गेलं.

"केविन, कंडक्टरकी हलकी आहे म्हणून मी नको म्हणत नाही," ती म्हणाली. "पण रोज दुसऱ्याच्या हातातलं स्टेअरिंग बघत तिकिटं फाडायची, हे मला सोसायचं नाही. मी कडू होईन. आणि ते कडूपण तुलाच गिळावं लागेल."

"आणि मी नाशिकला येऊन बेकार बसलो, तर मी नाही का कडू होणार?"

"होशील. म्हणून तुला चल म्हणत नाहीये. तू पुण्याला रुजू हो. मी महिनाभर नाशिकला शिकते. नापास झाले तर पुण्याला येईन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. पास झाले तर मात्र मी नाशिकलाच राहणार. तू काय करायचं ते तू ठरव."

केविनने चहाचा ग्लास खाली ठेवला. लग्नानंतर वेगळं राहायचं हे त्याला पटलं नव्हतं, पण तिला अडवावं असंही त्याला वाटलं नाही. गाडी सुटायची वेळ झाली होती.

केडगावला हे ऐकल्यावर मरियमबाई भडकल्या नाहीत. त्यांनी दोन दिवस सुनेशी कामापुरतं बोलणं ठेवलं, एवढंच. निघायच्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःची गादी गुंडाळून दोरीने बांधली. "मला हे मान्य नाही," त्या म्हणाल्या. "पण फरशीवर झोपू नकोस." आराधनाने वाकून नमस्कार केला आणि गादी खांद्यावर घेतली.

नाशिकरोडला भीमाबाई नावाच्या विधवा बाईने तिला मागची खोली दिली. दिवसा मैदानात शिकायचं आणि खोलीवर आलं की खुर्चीवर बसून उजवा पाय एकटाच चालवायचा. डावा पाय खुर्चीच्या पायामागे अडकवून ठेवायचा, हा उपाय तिने स्वतःच काढला. तरी तो सुटून पुढे यायचा. भीमाबाई दारातून बघत आणि विचारत, मुंग्या आल्यात का. पहिला आठवडा फुकट गेला. काकासाहेब रागावत नसत, नुसते "परत" म्हणत, आणि त्या एका शब्दाने तिला रडू फुटायचं. ती मैदानाच्या कडेला जाऊन तोंड धुऊन यायची आणि परत चढायची.

बरोबरच्या दोघी सोडून गेल्या. आराधना राहिली. कधीतरी तिसऱ्या आठवड्यात, बस रस्त्यावर काढू लागल्यावर एका चौकातून वळताना, तिच्या लक्षात आलं की डावा पाय बराच वेळ जागच्या जागी आहे. तिने ते कुणाला सांगितलं नाही. उगाच पायाला कळेल, असं तिला वाटलं.

चाचणी या वेळी रहदारीच्या रस्त्यावर झाली. भाजीबाजाराजवळ एक हातगाडी अचानक आडवी आली. तिने बस अशी अलगद थांबवली की मागे उभे असलेले काकासाहेब दांड्याला न धरता तसेच उभे राहिले. डेपोत आल्यावर त्यांनी कागदावर सही केली आणि पहिल्यांदा तिच्याशी हसून बोलले. गाव कोणतं, आधी काय चालवायचीस, असं सगळं विचारलं.

तिने पुण्याच्या बेकरीत रुजू झालेल्या केविनला फोन केला. तो म्हणाला की मालकाने त्याला कायम करतो म्हणून कालच सांगितलंय. आराधना म्हणाली, "चांगलं झालं. तुझ्यावर माझी जबरदस्ती नाही. पण मी इथे बसले ती बसले." फोन ठेवल्यावर ती भीमाबाईंच्या ओट्यावर येऊन बसली. नोकरी मिळाली होती आणि नवरा येतो की पुण्यालाच राहतो हे कळत नव्हतं. तरीही आपण बोललो ते बदलावं, असं तिच्या मनात आलं नाही.

केविन पंधरवड्याने आला. बेकरीतला महिना पुरा करून, मालकाचा रीतसर निरोप घेऊन आला. राहायला आलास की भेटायला, असं तिने विचारलं. त्याने पिशवीतून पीठ कापायची आपली पत्र्याची पाती काढून फळीवर ठेवली. तेवढ्यावर ती समजली.

त्याचे पहिले महिने वाईट गेले. नाशिकमध्ये तो दारोदार हिंडला. मनाजोगतं काम मिळेना, म्हणून टोस्ट-खारीच्या एका कारखान्यात लागला. तिथलं पीठ त्याला पसंत नव्हतं आणि ते तो रोज घरी येऊन सांगायचा. आराधना ऐकून घ्यायची. हे ऐकणं आपल्या वाट्याचं आहे, असं तिने ठरवून टाकलं होतं. मग देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बेकरीत जागा निघाली आणि त्याचं बोलणं पुन्हा कमी झालं.

शांतवन एकदा लेकीची बस बघायला आला. पट्टा बांधून, पुढच्या सीटवर बसून, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरला. उतरताना म्हणाला, "गाडी लई मोठी हाय गं. पन तुला ती मोठी वाटत न्हाई, ते बरंय." मरियमबाई अजून आलेल्या नाहीत. चर्चमध्ये कुणी विचारलं तर सांगतात, मुलगा बेकरीत आहे, सून बस चालवते, आणि पुण्यात दोघांचं याहून बरं झालं असतं. नाताळला मात्र सुनेला सुट्टी आहे का, हे त्या महिनाभर आधीपासून फोनवर विचारतात.

गेल्या उन्हाळ्यात कल्याणच्या बायकोने बोलता बोलता आराधनाला सांगितलं की पुण्याच्या कॅम्पातल्या त्या बेकरीच्या मालकाने केविनला परत बोलावलं होतं, जास्त पगारावर, आणि केविनने नाही म्हटलं. आराधनाला यातलं काहीच माहीत नव्हतं. घरी येऊन तिने विचारलं, मला का नाही सांगितलंस?

केविन कणीक मळत होता. "दुपारी फोन आला होता," तो म्हणाला. "तुझी पहाटेची पाळी झाली होती, झोपली होतीस. एवढ्यासाठी काय उठवायचं?"