विश्वंभर सरांची पूर्व दिशा

आमच्या शेजारच्या विश्वंभर सरांनी जन्मात कधी पळून बस पकडलेली नाही. बस सुटली की शांतपणे म्हणतात, "तिचा मुहूर्त नव्हता." असा माणूस गावच्या हायस्कुलात मुलींना कबड्डी शिकवतो असं पाहुण्याला सांगितलं, की पाहुणा आधी सरांच्या पोटाकडं बघतो, मग माझ्याकडं.

सर खरे संस्कृतचे. घर पिढ्यान्‌पिढ्या महादेवाच्या पूजेतलं. शाळेतले खेळाचे मास्तर बदलून गेले, दुसरे काही आले नाहीत, आणि शेवटच्या तासाला रिकामे सापडले ते हे. तेव्हा गळ्यात पडलेली शिट्टी अजून तिथंच आहे. ती अशी लांब फुंकतात की देवळाजवळच्या म्हाताऱ्या आरती समजून उठतात. पण शिकले मनापासून. अंगणात खडूनं रेघा मारून बायकोला, सुधावहिनींना, म्हणत होते, "तुम्ही चढाई करा, मी पकडतो." मी भिंतीवरून बघत होतो. वहिनींनी लाटण्यासकट चढाई केली. पकड काही झाली नाही.

यंदा सर रिटायर होणार. आजवर त्यांचा संघ तालुक्याच्या पुढं गेलेला नाही. "रणजीतराव, एकदा पोरींना जिल्ह्याला हिंगोलीला न्यायचंय," एवढंच ते सारखं म्हणायचे. म्हणताना हसायचे नाहीत, म्हणून मीही हसायचो नाही. म्हणजे तोंडावर.

औंढ्याला सकाळी तालुक्याची फायनल. समोर जवळा बाजारच्या दणकट पोरी. आमची कॅप्टन राणी, तांड्यावरच्या हरिचंदची लेक. टॉस तिनं जिंकला आणि सरांकडं बघितलं.

"पूर्वेला तोंड!" सर ओरडले. "शुभ दिशा!"

"सर, समोरून ऊन येऊन राहिलंय."

"देवाकडं बघून खेळायचं, बेटा!"

पोरी पूर्वेकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि सूर्य सरळ डोळ्यांत शिरला. चढाईला आलेली पोरगी दिसायची नाही, शिवून गेली की कळायची. हाफटाइमपर्यंत आम्ही चांगलेच मागं पडलो. सरांचं गंध घामानं नाकापर्यंत आलं होतं.

नियमानं आता बाजू बदलणार. आमच्या पाठीशी ऊन येणार! माझा जीव भांड्यात पडतोय तोवर सर पंचांकडं निघाले.

"काहून चालले, सर?" मी धोतर धरलं.

"विनंती करतो. पश्चिमेला तोंड करून कसं जिंकायचं हो?"

तेवढ्यात राणी आली. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, तुमी इथं बसा. तुमचं तोंड पूर्वेला ठेवा अन् जप करा. आमी तिकडं तोंड करून खेळतो. दोन्ही दिशा सांभाळल्या जातात."

एवढा बिनतोड तोडगा एखाद्या शास्त्र्यालाही सुचला नसता. सर बसले. ऊन तोंडावर, डोळे गच्च मिटलेले, ओठ हलतायत.

"काय झालं, रणजीतराव?"

"गेली आपली एक," मी म्हणालो. खरं म्हणजे राणी त्यांच्या तिघींना शिवून आली होती.

"आता?"

"लई तकलीफ आहे, सर. जप वाढवा."

बिचाऱ्यांचा जप वाढत गेला, इकडं आमचे गुण वाढत गेले. शेवटची शिट्टी झाली आणि संघच्या संघ सरांच्या अंगावर येऊन पडला. डोळे उघडून सर विचारतात, "हरलो व्हय?"

"न्हाई, सर! हिंगोली!" राणी ओरडली.

 सरांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, ऊन फार आहे. मी पहिल्यांदाच चिडवलं नाही. परतीच्या जीपमध्ये मात्र कसर भरून काढली. जन्मातला एकच मोठा विजय, तोही न बघितलेला!

काल हिंगोलीचा सामना ठरला. दुपारी चारचा. सर भिंतीवरून ओरडले, "रणजीतराव, चारला ऊन पश्चिमेला! आता तर पूर्वच बराबर!"

त्यांच्या ओट्यावर राणी बसली होती. म्हणाली, "व्हय सर, पहिल्या हाफला तुमचंच ऐकतो. हाफटाइम झाला की मात्र तुमी गुमान डोळे मिटायचे."