ताईनं निवडलेलं भिंग

भाची सुनीताचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला आरशासमोर केस विंचरत बसले होते. "मावशी, आई मागच्या पायरीवरून पडली..." मी अकोल्याला पोचेपर्यंत कमलताई गेली होती.

आम्हा दोघी बहिणींचे डोळे लहानपणापासूनच अधू. ताई मुकाट्यानं जाड चष्मा लावायची. मी मात्र स्वतःला फार रूपवान समजत असे. मला पाहायला मंडळी आली तेव्हा चष्मा फडताळात लपवला, आणि सासरे समजून ज्यांच्या पाया पडले ते निघाले जीपचे ड्रायव्हर. त्यांनी गुपचूप आशीर्वाद दिला. लग्न जमलं ते बहुधा त्यांच्याच पुण्याईनं.

मोतीबिंदूचं ऑपरेशनही आमचं मागेपुढेच झालं. आमच्या ऐपतीतलं भिंग एकाच अंतराचं. लांबचं बसवलं तर जवळच्याला चष्मा, जवळचं बसवलं तर लांबच्याला. माझी हौस म्हातारपणीही तीच. मी लांबचं घेतलं, लग्नाकार्यात बिनचष्म्यानं मिरवायला. ताई म्हणाली, "जवळचं टाका डॉक्टरसाहेब. मले आता जायचं कुठं हाय?"

भाऊजी तेव्हा पक्षाघातानं खाटेवर होते. त्यांची दाढी, नखं, पाठीवरच्या जखमा सगळं तीच करायची, आणि वाकली की चष्मा घसरून त्यांच्या अंगावर पडायचा. भिंग बसल्यावर तिनं फोन केला. "शांते, त्यायच्या पापणीचा केस न् केस दिसून राह्यला."

दिवाळीनंतर भाऊजी गेले... जवळून पाहावं असं जवळ कोणी उरलं नाही. लांबचा चष्मा करून आणला, तर तो ती लावेना. दारात कोण आलं ते आवाजावरून ओळखायची, पायऱ्या चाचपडत उतरायची. सुनीता रडकुंडीला आली, म्हणून समजवायला मी गेले. चष्मा तिच्या नाकावर चढवू लागले, तर तिनं माझा हात धरला.

"काहून मागं लागली माह्या? लावला का समोरची खाट रिकामी दिसते."

"अन् नाही लावला तर?"

"गादी लांबोळकी गुंडाळून ठेवली हाय ना मी. नुसतं पाह्यलं तर वाटते, कुशीवर झोपले हायेत."

"मग चहा विचारते का त्यायले?"

"विचारते ना. बोलतच नाहीत." ती हसली. "पहिलेपासून तसेच."

मी चष्मा डबीत ठेवून दिला. सुनीताला सांगितलं, ऐकत नाही ती. उन्हाळा लागला, आणि त्या पायरीनं घात केला.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. ताईचीही गादी कोणीतरी तशीच गुंडाळून तिच्या खाटेवर ठेवली होती. मी भाऊजींच्या खाटेवर, त्यांच्या गादीला टेकून बसले आणि समोर पाहू लागले. डोळे बारीक केले, अर्धे मिटले, पुन्हा उघडले...

माझं भिंग लांबचं. निळे पट्टे, सुतळीची गाठ, उसवलेल्या शिवणीतून बाहेर आलेला कापूस... सगळं स्वच्छ दिसत होतं.