मागच्या सीटवरून सांगितलेली गोष्ट

मास्तरांची उभी हयात खरोखरच उभ्याने गेली. बसमध्ये कंडक्टर. खच्चून भरलेल्या गाडीत अंग चोरत या दारापासून त्या दारापर्यंत जायचं आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू ठेवायचा. कुणाला चिमटा, कुणाला धीर. उतारू हसत आणि वाट कधी सरली ते कळत नसे. बायको मात्र म्हणे, यांच्या पोटात काही राहत नाही, दगड खाल्ला तरी चार घरी सांगून येतील.

त्यांची एकुलती एक लेक जन्मापासून आंधळी. आता चांगली कमावती, एका मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोनवर नोकरीला. ती जिथे शिकली त्या अंध मुलींच्या शाळेला वसतिगृह बांधायचं होतं. त्यासाठी दोघांनी मिळून चालवायच्या लांबलचक सायकलवरून, गावोगावी मदत मागत थेट समुद्रापर्यंत जायचं, ही कल्पना लेकीचीच. मास्तरांना आधी धडकी भरली, मग हुरूप आला. जन्मभर दुसऱ्याने हाकलेल्या गाडीत धक्के खाल्ले होते. आता हँडल त्यांच्या हाती, लेक मागच्या सीटवर. सामान घेऊन शाळेच्या मोठ्या बाई आपल्या छोट्या गाडीतून मागोमाग.

मुक्कामाच्या गावी लोक जमत आणि मास्तर बोलत. बोलणं हा तर हातचा मळ. लेक त्यांच्या कोपराला धरून शेजारी उभी राही. पहिल्या गावात त्यांनी सांगितला तो तिला लहानपणी आलेला ताप साधा होता. पुढच्या दोन-तीन गावांत तो चढत चढत जिवावर बेतला. सायकलवर बसल्यावर लेक मागून म्हणे, "बाबा, पुढच्या गावात मला मारू नका म्हणजे मिळवली." दोघं हसत.

एकदा घाटाचा चढ संपला आणि उतारावर पाय मोकळे झाले, तेव्हा ती आपणहून बोलू लागली. मास्तरांना तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनही असेल. दवाखान्यात एक्स-रे काढणारा एक मुलगा होता. रोज दुपारी डबा घेऊन तिच्या खोलीत यायचा. लग्नाचं त्यानेच काढलं. मग त्याच्या आईने विचारलं, हिचं पोर रांगायला लागलं की त्याच्यामागे धावणार कोण? त्यावर तो काही बोलला नाही. डबा घेऊन येणं बंद झालं. आता फोनवर नुसता आवाज येतो, अमुक विभाग जोडून द्या म्हणतो, जशी काही ओळखच नाही.

"आईला सांगू नका," ती म्हणाली. "उगाच जिवाला लावून घेईल."

मास्तरांना रस्ता धूसर दिसू लागला. नाही सांगत, म्हणाले. बराच वेळ दोघांचे पाय एका लयीत फिरत राहिले.

त्या संध्याकाळचा मुक्काम गिरणीच्या गावात होता. सभागृह भरलेलं, पण माणसं कामावरून थकून आलेली. मदतीचा डबा रांगांमधून फिरत होता तो रिकामाच खुळखुळत. मास्तरांनी ताप सांगितला, विनोद करून पाहिले. कुणी जांभई दिली, कुणी उठून गेलं. असं त्यांच्या आयुष्यात घडलं नव्हतं. हातातून गर्दी निसटते आहे हे दिसलं आणि जीभ घसरली. त्यांनी तो मुलगा सांगितला, त्याची आई सांगितली, फोनवरचा परका आवाजसुद्धा सांगितला. सभागृह चिडीचूप झालं. बायका डोळे पुसू लागल्या. डबा परत आला तेव्हा त्याचं झाकण बसत नव्हतं. टाळ्या चालू असतानाच मास्तरांच्या कोपरावरचा हात निघून गेला.

खोलीवर आल्यावर मास्तरांनी सारवासारव केली. मुलींच्या डोक्यावर छप्पर येणार आहे, तू विचार कर, म्हणाले. नाव तर कुणाचं घेतलं नाही, म्हणाले.

"ते माझं होतं, बाबा," लेक म्हणाली. "तुम्ही ते वाटून टाकलंत."

सकाळी ती बाईंच्या गाडीत जाऊन बसली. मास्तर एकट्याने ती लांब सायकल ओढत निघाले. मागची पॅडलं रिकामी फिरत होती. चढावर त्यांना खाली उतरून ढकलावी लागली. पुढच्या गावात लोकांनी मुलगी कुठे म्हणून विचारलं, तर तिला बरं नाही, एवढंच त्यांना सुचलं. गाडीची काच उघडी होती. तिने ऐकलं आणि खोटं पाडलं नाही, याचीच त्यांना जास्त लाज वाटली. त्या दिवशी डब्यात जेमतेम काही पडलं.

दुसऱ्या दिवशी ती चाचपडत सायकलपाशी आली. वसतिगृह काही बाबांचं नाही, असं तिने बाईंना सांगितलं होतं. यापुढे सभेत बोलायचं बाईंनी, मास्तरांनी नाही, एवढीच तिची अट. मास्तर कबूल झाले. वाटेत त्यांनी नाना परीने तिला बोलतं करायचा प्रयत्न केला. पुलाचं वर्णन केलं, पडक्या गिरणीचं सांगितलं, स्वतःच्या फजितीचा जुना किस्सा काढला. ती हं म्हणे. शेवटी समुद्राचा वारा अंगावर आला. किनाऱ्यावर स्वागताला माणसं होती, फोटो निघाले. फोटोत दोघंही हसताहेत.

वसतिगृहाचं काम सुरू झालं. लेकीने मात्र दवाखान्याजवळ खोली घेतली. रविवारी घरी येते, आईशी बोलते, बापाला तब्येत विचारते. मास्तर काय चाललंय म्हणतात, ती सगळं ठीक म्हणते. मधल्या काळात ते बोलायचेच कमी झाले. बसमधले सोबती म्हणतात, मास्तरांना कुणाची दृष्ट लागली.

परवाच्या रविवारी बायको बाजारात गेली होती. लेक एकदम म्हणाली, "बाबा, मी दुसऱ्या शहरात बदली मागितली आहे. आईला एवढ्यात कळू देऊ नका." मास्तरांनी मान हलवली, मग भान येऊन तोंडाने बरं म्हणाले. बायकोने आल्यावर विचारलं, लेक काय म्हणत होती? काही नाही, म्हणून ते उठून पाणी प्यायला गेले. बातमी खरी की आपली परीक्षा, ते त्यांना कळेना; आणि विचारायचा धीरही होईना.