नानांचा गळा, आबांचा पखवाज

रेकॉर्डिंग साफ करताना खोकले, शिंका, "ए, मोबाईल बंद कर" असलं सगळं मी कापतो, पण फेकत नाही. एका फोल्डरमध्ये टाकतो. गाण्यांपेक्षा तो फोल्डर लवकर भरतो. सध्या त्यात एकाच भजनी मंडळाचं राज्य आहे.

इंजिनिअरिंग अर्धवट सोडून मी जळगावात, मेहरूणला गच्चीवरच्या खोलीत हे काम सुरू केलं. मंडळ धुळ्याकडच्या एका गावातलं. नाना गातात, आबा पखवाज वाजवतात. दोघांचा जन्म एकाच सतरंजीवर गेला.

* * *

देवळात माईक लावले. म्हटलं, "नाना, भजनात गाणार तेवढ्याच जोरात गाऊन दाखवा." नाना गुणगुणले. मी लेव्हल लावली. भजन सुरू झालं आणि म्हातारा असा ओरडला की आवाजाचं मीटर लालच.

"मघाशी हळू का गायलात?"

"मघाशी देव कुठं ऐकत होता?"

ते बघून आबांनीही पखवाज बडवायला घेतला.

* * *

निघताना नानांनी मला बाजूला घेतलं. "पखवाज माझ्यावर चढला तर मी मंडळ सोडलं समज."

गाडीपाशी आबा उभे. "गळा पखवाजावर चढला तर मी सोडलं."

हे दोघे तुटले की मंडळ संपलं, हे बाकीच्या टाळकऱ्यांना माहीत होतं. आणि हेच दोघे थोर लोक मला विचारतात, कॉलेज का सोडलं?

* * *

घरी येऊन रेकॉर्डिंगमधली देवळातल्या पंख्याची घरघर काढली. सॉफ्टवेअरला काय, सारखा चालणारा आवाज म्हणजे कचरा. त्यानं पंख्यासोबत तानपुऱ्याचाही सूर खाल्ला.

नमुना पाठवला, तर नानांचा फोन. "तानपुरा कुठं गेला?"

"पंख्याबरोबर गेला."

"मग पंखा परत आण."

आणला. खरं सांगतो, पंख्यासकटच बरं वाटत होतं.

* * *

मग पूर्ण फाईल पाठवली. आबांनी मोबाईलवर ऐकली. एवढ्याशा स्पीकरमधून पखवाज काय येणार? "मना पखवाज कोठे शे?" आबा अहिराणीवर आले. नानांनी नातवाच्या ट्रॅक्टरवरच्या भल्या मोठ्या स्पीकरच्या डब्यावर ऐकली. तिथं सगळंच धुमधुम. "बठ्ठा पखवाजच शे!"

फाईल एकच. दोघांनी सांगून टाकलं, पुढच्या एकादशीच्या भजनाला येणार नाही.

आबांच्या पत्नी अक्का फोनवर म्हणाल्या, "यांचा आवाज कमी करायचं बटन सापडलं तर मला आधी सांग."

* * *

शेवटी दोघांना मेहरूणला बोलावलं. टेबलावर आवाज लावायचा जुना मिक्सर ठेवला. कॉम्प्युटरला तो जोडलेलाच नव्हता. वरखाली सरकणाऱ्या दोन दांड्यांवर चिकटपट्टी लावून लिहिलं, नाना, आबा.

"आता तुम्हीच लावा. मी हात लावणार नाही. तुम्ही ठरवाल ते फायनल."

भजन सुरू केलं. समोरासमोर बसून स्वतःला वाढवणार कोण?

मग नानांनी बोट पुढे केलं आणि स्वतःच्या नावाची दांडी खाली ओढली. "आते तुना हात ऐकू येस."

आबांनी मान तिरकी करून ऐकलं. हळूच तीच दांडी पुन्हा वर सरकवली. "इतला बी नको उतरू, भो. गळा गया."

दोघं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"आते बराबर शे," नाना म्हणाले.

मी तीच जुनी फाईल पेन ड्राईव्हवर टाकून दिली. जिन्यापर्यंत गेलेले आबा परत आले, मिक्सरवर हात ठेवून उभे राहिले.

"पोऱ्या, हाई मशीन मंडळले देशी का?"