फादरना आणायला मालक गेले तो रविवार

मिस्सेत, म्हणजे फादर करतात त्या उपासनेत, ख्रिस्तशरीर म्हणून मिळणारी पवित्र भाकर घ्यायची वेळ झाली की सगळे उठून रांगेत उभे राहत आणि मी सतरंजीवर तशीच बसून राहायची. लग्न झाल्यापासून हे असंच चाललेलं. बाकी सगळं करायची. गाणी म्हणायची, वाचन करायची, वेदीवरचं कापड धुऊन इस्त्री करून आणायची. पण त्या एका घडीला पाय जागचे हलत नसत. डोळे मिटून मनात म्हणायची, "प्रभू, मला बी भूक लागलीय रे." मग डोळे पुसून पुढचं गाणं सुरू करायची, कारण गाणं उचलून धरणारी दुसरी कुणी नव्हतीच.

माझं माहेर जालन्याकडचं, आजोबांपासून कॅथलिक. मी नांदेडला नर्स होते. तिथं सासूबाई ॲडमिट झाल्या आणि त्यांची सेवा करता करता त्यांच्या मुलाशीच माझं सूत जुळलं. आमचे मालक कुरुंद्याचे, घर हळद पिकवणारं, दर श्रावणी सोमवारी औंढ्याला नागनाथाच्या पायावर डोकं ठेवणारं. आम्ही रजिस्टर लग्न केलं. चर्चमध्ये लग्न लागल्याशिवाय मला ख्रिस्तशरीर घेता येणार नाही, हे मला ठाऊक होतं. वडील म्हणाले होते, "तो बाप्तिस्मा घेत न्हाई तवर चर्चात लगीन न्हाई." वडिलांचा शब्द तोच धर्माचा कायदा, असं मी धरून चालले. मालकांच्या कानावर घातलं तर ते म्हणाले, "मी काय बैल हाय का, दावण बदलायला?" त्यांचं तरी काय चुकलं? माझ्यासाठी म्हणून त्यांनी मन नसताना डोक्यावर पाणी घ्यावं, हे मलाच पटलं नसतं. तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. त्यांच्यावर राग नव्हता माझा. फक्त महिन्यातून एकदा ती रांग दिसू नये म्हणून मी मान खाली घालायची.

महिन्यातून एकदा अशासाठी की आमच्या भागात कॅथलिक घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. वसमतच्या अलीकडे एका घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये फादर महिन्याला येऊन मिस्सा करतात. पोरं आठवी-दहावीला पोचली, दृढीकरणाची, म्हणजे श्रद्धा पक्की करायच्या संस्काराची, वयं झाली, काहींचं तर पहिलं ख्रिस्तशरीरही राहिलेलं. शिकवणार कोण? आधीचे म्हातारे फादर मला म्हणाले, "तुम्हीच शिकवा." मी म्हटलं, "फादर, मी स्वतःच उपाशी, मी काय वाढणार?" त्यांनी विचारलं, "नवरा चर्चमध्ये लग्न लावायला येईल का?" मी "न्हाई यायचा" म्हणून विषय संपवला. त्यांनीही जास्त खोदलं नाही. पुढे त्यांची बदली झाली, नवे तरुण फादर आले, त्यांच्यासमोर तर मी हे दार उघडलंच नाही. पोरांना मात्र शिकवायला लागले. आम्हाला लेकरू झालं नाही, त्यामुळे रविवारची ही पोरं म्हणजे माझा जीव की प्राण झाली. अभ्यासाला टाळाटाळ करतात, मोबाइल लपवतात, नमो मारिया म्हणताना अर्धी कुजबुजतात. मेल्यांना रागवावं तरी किती!

ख्रिस्तशरीर कसं घ्यायचं ते शिकवताना मी घरून पोळी नेत असे. तिचे लहान गोल तुकडे करायचे आणि पोरांना रांगेत उभं करायचं. डावा हात वर, उजवा खाली, मान जराशी लववायची. मी समोर उभी राहून एकेकाला तुकडा द्यायची, "ख्रिस्ताचं शरीर" म्हणायची आणि ते "आमेन" म्हणायचे. हसत-खिदळत सगळे घ्यायचे. ताटलीत एखादा तुकडा उरायचा. तो हातात घेऊन मी बघत राहायची. साधी पोळीच ती, घरी रोज खाते. पण तिथं तोंडात टाकावीशी वाटत नसे.

एकदा स्टेलानं सगळ्यांसमोर विचारलं. ही दहावीतली पोरगी, तोंडानं फटकळ. "टीचर, तुमी आमाला शिकवता अन् सोता काहून रांगेत येत न्हाई?" मी म्हटलं, "मला बोलावणं आलं न्हाई अजून." म्हणाली, "मंग आमी सांगतो देवाला." त्या दिवसापासून वर्ग सुटताना ही पोरं प्रार्थनेच्या शेवटी जोडायची, "टीचरला बोलावणं येऊ दे." मी डोळे वटारले, दटावलं. ऐकतील तर ना! अन् खरं सांगू, त्यांनी ऐकू नये असंच मला वाटायचं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला रविवार होता. गावात हळद शिजवायची घाई. मालक मला शेडवर सोडून लगेच शेताकडे परतले होते. एरवी ते बाहेर कडुनिंबाखाली मोटारसायकलवर बसून मिस्सा संपेपर्यंत थांबत. पोरं जमली, माणसं जमली आणि फादरांचा फोन आला. दुसऱ्या गावची मिस्सा आटोपून येताना वारंगा फाट्यावर त्यांची गाडी बंद पडली होती, मिस्त्री म्हणे संध्याकाळपर्यंत देतो. आमच्यात मोटारसायकलवाला एकही पुरुष त्या वेळी हजर नव्हता. मी भीत भीत मालकांना फोन लावला. ते उसळलेच. "अगं, हळद शिजून राहिली इकडं! तुमच्या फादरला आजच बंद पडायचं होतं व्हय?" आणि फोन ठेवला. मी पोरांना म्हटलं, जपमाळ सुरू करा. माझं स्वतःचं लक्ष काही मण्यांवर नव्हतं. आता हा महिनाही कोरडा जाणार, दुसऱ्यांनासुद्धा, असं वाटून जीव रडकुंडीला आला होता.

बऱ्याच वेळानं मोटारसायकल वाजली. मालक पुढे, फादर मागे. मालकांचे हात कोपरापर्यंत पिवळे. धाकट्या दिराला कढईशी उभं करून ते तसेच निघाले होते. दारातच मला म्हणाले, "चल बाई, आपलं लगीन लावायचं म्हणतेत, दुसऱ्यांदा!" मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं यांचं.

मग फादरांनी सांगितलं. फाट्यावर दोघं चहाला थांबले होते. मालकांनी बशीतला चहा संपवला आणि सरळ विचारलं, "फादर, एक सांगा. आमची बाई इतकी राबते तुमच्या लेकरांसाठी. समद्यांना परसाद मिळतो, तिलाच काहून न्हाई? दर महिन्याला बघतो मी बाहीरून. समदे उठतेत अन् ती एकटीच खाली मान घालून बसती. बघवत न्हाई मला."

फादर म्हणाले, "तुम्ही दोघं वेदीपुढे या, आम्ही लग्न लावू, मग मिळेल."

"पर मला बाप्तिस्मा घ्यावा लागतो ना?"

"कुणी सांगितलं? बिशपांची परवानगी मी आणतो. तुम्ही तुमच्या नागनाथाला जात राहा. तिला तिच्या श्रद्धेनं जगू द्यायचं, बस."

"ते तर देऊनच राहिलो की इतकी वर्षं," मालक म्हणाले म्हणे.

कडुनिंबाखालून ते मला बघत होते, हे मला कधी कळलंच नव्हतं. मला वाटायचं, ते मोबाइल बघत बसतात. स्टेला माझ्या कानाशी म्हणाली, "आलं ना बोलावणं?" आणि मी पोरांदेखत हमसून हमसून रडले.

परवानगी यायला वेळ लागला. ते आठवडे मला आधीच्या सगळ्या वर्षांहून लांब वाटले. पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, झाल्यावर मी पापनिवेदन केलं आणि त्याच शेडमध्ये आमचं लग्न लागलं. मालक धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात घामाघूम. मिस्सेत ती घडी आली आणि मी माझ्याच पोरांच्या मागे रांगेत उभी राहिले. डावा हात वर, उजवा खाली. फादर म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर." इतक्यांना शिकवलेलं "आमेन" मी इतक्या वर्षांनी स्वतःसाठी म्हटलं.

मी मोठी प्रार्थना करणारी बाई समजायची स्वतःला. पण कुठलं दार बंद आहे हे मी आधीच ठरवून टाकलं होतं आणि त्या दारासमोर बसून रडत होते. प्रभूवर सोपवणं म्हणतात ते मला पोरांनी शिकवलं. त्यांनी कुठून, कसं, काही ठरवलं नाही, नुसतं मागत राहिली. त्या लेकरांचे आणि त्या हळदीच्या हातांचे उपकार मी या जन्मात फेडू शकणार नाही.

घरी जाताना मोटारसायकलवर मालकांनी विचारलं, "कसं लागतं गं ते?"

मी म्हटलं, "काही चव नसती. पातळ पापडीवानी असतंय."

"अन् त्याच्यासाठी एवढी रडत होतीस? इतकी वर्षं?"

"व्हय."

कुरुंद्याची कमान दिसायला लागली तेव्हा मान न वळवता म्हणाले, "मग मला एकदा तरी नीट सांगायचं न्हाई का गं, येडे."