बासरीआधीचा श्वास

मुलांनो, सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या आमच्या इमारतीखाली एक चिनी बासरीवाले रोज सकाळी सराव करतात. बांबूच्या बासरीच्या एका भोकावर ते पातळ पापुद्रा लसणाच्या रसाने चिकटवतात. त्यानेच सूर थरथरतो. लसूण माझ्याकडचा. स्टेजवर असो वा इथे, जोडीला एक यंत्र त्यांच्या वारलेल्या बायकोची रेकॉर्ड केलेली बासरी वाजवतं. प्रत्येक ओळीआधी तिचा श्वास ऐकू येतो.

"तो कापायचा नाही लाह, आंटी," ते इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणतात.

काल यंत्र बंद होतं. त्यांनी बासरी ओठांना लावली, आणि माझ्या मानेमागे कुणीतरी श्वास घेतला.

"तुम्हालाही ऐकू आलं?" त्यांनी आशेने विचारलं.

मी हो म्हणाले.

"मग आधी तिला वाजवू दे," म्हणत त्यांनी बासरी खाली घेतली.

माझ्या मानेमागचा श्वास अजून सुटला नव्हता.