आईची साक्ष

परवा नातीच्या गुडघ्याला निलगिरीचं तेल चोळताना आईचा लुळा पाय आठवला, आणि लकडगंजच्या मैदानातली ती चंगाईची, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची, सभा. मी नुकताच कॉलेजात जाऊ लागलो होतो. पाय बरा झाला नाही तर आईचा येशूवरचा विश्वासच उडेल, अशी मला धास्ती होती.

प्रार्थना संपली. पाय तसाच. येशूने बरं केलं अशी साक्ष द्यायला मंचावर फक्त बरे झालेलेच जात. आईही लंगडत चढली.

"आता काय सांगशीन वं मावशे?" मागून कोणी हसलं.

"माहा पाय काही बरा झाला नाही," आई माइकवर म्हणाली. "पण मी काही येशूले पायासाठी धरून नाही राहिली."

माझा जीव भांड्यात पडला. पुढे पुष्कळ साक्षी ऐकल्या. बरं न होता दिलेली तेवढी एकच.